वरून मागितलेला प्रोसेसर

आमच्या घरी संत्र्यांचा शेकडा शंभरावर कधी थांबला नाही. वरूडच्या बागेत व्यापारी माल मोजून घ्यायचा आणि शेकडा भरला की टोपलीकडे न पाहता म्हणायचा, "वरून टाका." वडील टाकायचे. पाच, कधी सहा. लहानपणी मला वाटायचं, एकदा तरी आपण मागणाऱ्याच्या जागी असावं. राजापेठेतल्या त्या दुकानात मी जे केलं, त्याचं याहून वेगळं कारण मला आजही देता येत नाही.

मी अमरावतीच्या एका दैनिकात वृत्तसंपादक आहे. संगणकांचं काम माझ्याकडे कोणी सोपवलं नव्हतं. प्रिंटर अडकला तर मी आरडाओरडा करत नाही, एवढ्यावरून ते हळूहळू माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी ठरवलं की अकोल्याची पानं अकोल्यातच लागावीत. त्यासाठी जठारपेठेतल्या आमच्या कचेरीत एक सर्व्हर बसवायचा होता. पानं लावण्याचं नवं सॉफ्टवेअर बातम्या, फोटो आणि जाहिराती एका डेटाबेसमध्ये साठवणार होतं. त्या डेटाबेसचे परवाने विकत घ्यावे लागणार होते आणि ते सर्व्हरपेक्षा कितीतरी महाग होते. सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी अंदाजपत्रकात लिहिलं होतं, परवाने आठ. मालकांनी त्या आकड्यावर रक्कम मंजूर केली. बातमीत कोणताही आकडा आला की तो कुठून आला हे मी वार्ताहराला विचारतो. आठ कुठून आले, हे मी विचारलं नाही.

हे सगळं ज्यांच्यासाठी निकडीचं होतं त्या अकोल्याची पानं लावणाऱ्या सहकारी. त्या जठारपेठेतच राहतात. रोज दुपारच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून ऑटोने अमरावतीच्या कचेरीत यायच्या आणि पानं छपाईला सोडून परतायच्या. आदल्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांना पक्षाघात झाला. संध्याकाळी त्यांना उचलून बसवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. नवऱ्याची नोकरी फिरतीची. त्यांनी मला साधेपणाने सांगितलं होतं, "सर, अकोल्याचं डेस्क झालं तं मी हाये. नाई झालं तं सोडतो बाप्पा, आता होत नाई."

सर्व्हर घ्यायला गेलो तेव्हा त्याही सोबत होत्या. राजापेठेतला दुकानदार ओळखीचा. भाव ठरला, कागद झाले, चहा आला. पेला ठेवता ठेवता मी म्हणालो, "आणि वरून काय?"

दुकानदार हसला. "भाऊ, हे काय संत्रे हायेत?"

"आम्ही वरूडचे. वरून घेतल्याशिवाय सौदा पुरा होत नाही."

त्याने थोडा विचार केला. एका कॉलेजची ऑर्डर रद्द झाली होती, त्यातला एक प्रोसेसर त्याच्याकडे पडून होता, याच मॉडेलचा. सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसरांची जागा असते, आम्ही एकच घेतला होता. "दुसरा लावून देतो, जा. पण मंग पुढच्या वर्षीचे प्रिंटर माह्याकूनच घ्या लागतीन."

सहकारी म्हणाल्या, "दोन असले म्हणजे दुप्पट काम होईन का सर?"

"दुप्पट नाही, पण नुकसान तर काही नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी किती खात्रीने म्हणालो ते मला नीट आठवतं.

कचेरीत त्याची गोष्ट झाली. डेस्कवरचे लोक आठवडाभर मला 'वरूनवाले' म्हणत होते. मालकांनी स्वतः येऊन पाठीवर थाप मारली. मी ती गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा जास्त रंगवून. सर्व्हर अकोल्याला गेला, सहकाऱ्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

मग परवान्यांची मागणी पाठवायची वेळ आली. अर्जात पहिलाच प्रश्न होता: यंत्रात किती प्रोसेसर बसवलेले आहेत, आणि प्रत्येकात किती कोअर? कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक काम करणारा भाग. आमच्या प्रोसेसरमध्ये ते सोळा होते. कंपनीची रीत अशी की बसवलेल्या सगळ्या प्रोसेसरांचे कोअर मोजायचे, आमच्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी त्यांचे निम्मे करायचे आणि तितके परवाने घ्यायचे. सोळाचे निम्मे आठ. आठ कुठून आले ते मला तेव्हा कळलं. दोन प्रोसेसरांचे कोअर बत्तीस, त्यांचे निम्मे सोळा. वर दरवर्षी देखभालीचा आकार, तोही परवान्यांच्या संख्येवर. मी तीनदा मोजलं. उत्तर तेच.

कंपनीच्या पुण्याच्या प्रतिनिधीला फोन केला.

"दुसरा प्रोसेसर सेटिंगमधून बंद ठेवला तर?"

"बसवलेला आहे ना सर? मग तो मोजला जातो."

"आम्ही वापरणार नाही."

"वापरता की नाही हा प्रश्नच नसतो सर."

"सर्व्हरचे आभासी तुकडे केले आणि डेटाबेस एकाच तुकड्यात चालवला तर?"

"तशा तुकड्यांत आम्ही पूर्ण मशीन धरतो. सर, एक विचारू का? दुसरा घेतला कशाला?"

मी म्हणालो, मागाहून कळवतो.

मंगळवारी मालकांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सहकारी दाराजवळच्या खुर्चीवर होत्या, डबा मांडीवर. मी टिपण वाचलं. "यंत्रात दोन प्रोसेसर बसवण्यात आले आहेत. परिणामी परवान्यांची गरज आठवरून सोळावर गेली आहे. मंजूर रकमेत हा खर्च बसत नाही." बातमी लिहावी तसं लिहिलं होतं. त्यात करणारा कोणीच नव्हता.

"काहून बसवले दोन?" मालकांनी विचारलं.

"एक विनामूल्य मिळाला."

"मियाला का मांगला?"

"मागितला."

"कोनं?"

"मी."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मोठ्याने हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "चार आन्याची कोंबडी अन् बारा आन्याचा मसाला! वा रे वरूनवाले!" मीही हसलो. मग त्यांनी कागद बाजूला सरकवला. "इतके पैसे आत्ता नाईत. अकोल्याचं डेस्क पुढच्या सालात पाहू."

सहकारी हसल्या नव्हत्या. त्यांनी डब्याचं झाकण नुसतं दाबून पाहिलं, ते बंदच होतं, आणि उठून कामाला गेल्या.

त्याच वेळी, त्या केबिनमध्येच, उपाय माझ्या लक्षात आला होता. बसवलेला मोजतात, तर काढून टाकायचा. चार स्क्रू आणि एक कडी. पण काढला की तो कुठे तरी ठेवावा लागतो. दुकानदाराला कळणार, दुकानदाराकडून राजापेठेला कळणार. जो वरून मागून आणला तो मी स्वतःच्या हाताने परत घेऊन जाणार, आणि तो विचारणार. संत्र्यांच्या व्यवहारात वरून घातलेलं फळ कोणी परत आणलेलं मी पाहिलेलं नाही. मी गप्प राहिलो. बुधवारी कंपनीच्या नियमांची पानं पुन्हा वाचली, जणू त्यांत दुसरी एखादी वाट निघणार होती. गुरुवारीही वाचली.

शुक्रवारी सहकारी माझ्या टेबलाजवळ आल्या. "सर, तो दुसरा काढता नाई येत का?"

"येईल असं वाटतं," मी म्हणालो. "पाहतो."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "कवा सुचलं तुमाले?"

मी संगणकाकडे वळलो आणि म्हणालो, "आत्ताच तपासत होतो."

त्या दुपारी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे मंग काढ ना! बसला काय हायेस?" राजापेठेत गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि गल्ल्यावर बोटं वाजवली.

"भाऊ, वरूनचं कोनी वापस आनते का?"

"आणतोय."

"मले तं वाटलं तुमी हिशोब करूनच मांगून राहिले. पेपरवाले मानसं तुमी, सगळं मालूम असते." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. एकाने विचारलं, काय झालं. दुकानदाराने त्याला पहिल्यापासून सांगितलं. मी तिथेच उभा राहून स्वतःची गोष्ट ऐकली. ती त्याने माझ्यापेक्षा नीट सांगितली. एक गोष्ट मात्र त्याने केली: कारागीर फुकट दिला. "माह्याकून वरून," तो म्हणाला.

रविवारी कारागिराला घेऊन अकोल्याला गेलो. सहकारी किल्ली घेऊन खाली उभ्या होत्या. वर जाऊन झाकण काढलं, पंखा सोडवला, कडी उचलली आणि प्रोसेसर निघाला. कारागिराने रिकाम्या जागेवर काळं प्लास्टिकचं टोपण बसवलं. मग म्हणाला, त्या बाजूच्या मेमरीच्या पट्ट्या आता चालणार नाहीत, त्या प्रोसेसरच्या भरवशावर होत्या. त्या काढून पहिल्याच्या बाजूला लावाव्या लागल्या. सहकारी मोबाइलचा उजेड धरून होत्या. यंत्र सुरू झालं, पडद्यावर एक प्रोसेसर, सोळा कोअर असं आलं. मी त्याचा फोटो काढला.

"झालं," मी म्हणालो. "आठ. मंजूर रकमेत बसतात. पहिल्या तारखेपासून डेस्क सुरू करता येईल, ताई."

त्यांनी उजेड बंद केला. "मी नाई सर."

मला वाटलं, त्या चिडल्या आहेत. त्या चिडलेल्या नव्हत्या. मंगळवारच्या बैठकीनंतर त्या रात्री घरी पोचल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या शिकवणी वर्गात गेल्या. तिथे लहान मुलांना शिकवायला बाई हवी होती. पगार आमच्या निम्म्याहून थोडा जास्त, पण घर दोन मिनिटांवर. त्यांनी होकार दिला.

"सांगा त्यांना, अजून सुरू तर झालेलं नाही," मी म्हणालो.

"कसं सांगू? त्यायनं माह्यासाठी दुसरीले नाई म्हटलं. थे बाई दुसरीकडं लागली आता." मग आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मंगळवारी सांगतलं असतं तं मी गेलीच नसती."

मंगळवार. त्यांनी शुक्रवार म्हटलं नाही. कारागीर पट्ट्या मोजत होता, त्याने मान वर केली नाही.

डेस्क पहिल्या तारखेला सुरू झालं, परवाने येईपर्यंत कंपनीने दिलेल्या चाचणीच्या मुदतीवर. मूर्तिजापूरहून एक नवीन मुलगी पानं लावायला आली. तिला काही दाखवणारं अकोल्यात कोणी नव्हतं, म्हणून सहकारी आल्या, शिकवणीच्या आधीचा तास. मी त्यांना बोलावलं नव्हतं. नव्या मुलीने कुठून तरी नंबर मिळवून फोन केला होता. त्यांनी तिला जाहिरातींची जागा कशी धरायची, शेवटच्या क्षणी निधनवार्ता आली तर कोणती बातमी कापायची, हे सांगितलं. मी बाजूला बसून परवान्यांचा अर्ज भरत होतो.

मानधनाचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "राहू द्या."

पर्स खांद्याला लावून त्या माझ्यामागे थांबल्या. पडद्यावर अर्ज उघडा होता. "किती लिहिले मंग?"

"आठ."

"बरोबर आले?"

"बरोबर आले."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि जिना उतरून गेल्या. वर्गात मुलं जमली असणार. मी अर्ज पुन्हा एकदा वरपासून वाचला आणि पाठवला.