बंगला नंबर अकरा

परवा माळ्यावरची रद्दी काढताना जुन्या वर्तमानपत्रांचा तो कुबट वास नाकात गेला आणि केली आठवला.

सत्तर सालच्या आसपास पिंपरीच्या आमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेला हा आयरिश इंजिनिअर. त्याचे आजोबा खडकीच्या छावणीत सार्जंट होते. दर रविवारी तो मला पुण्याच्या ग्रंथालयात न्यायचा आणि जुने इंग्रजी पेपर चाळत बसायचा. एकदा सापडलंच. सार्जंट केलींना मुलगा झाला, बंगला नंबर अकरा, रस्त्याच्या नावासकट. “माझे वडील!” म्हणत तो त्या पिवळ्या ओळीवरून बोट फिरवत राहिला.

एका ओळीचा इतका हेवा मी पुन्हा कधी केला नाही. माझे आजोबा कुठल्या पेपरात शोधायचे? आमचं घर तर याच कंपनीच्या जागेत गेलेलं. केलीचं मशीन उभं होतं, तिथं आमची चूल होती.

रस्त्यांची नावं बदललेली, म्हणून घर शोधायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं. मी सायकलवरून गेलो. बंगला होता. फाटकाच्या खांबावर अकराचा आकडासुद्धा शाबूत, अंगणात कुणाचे तरी कपडे वाळत होते.

सोमवारी केली मशीनपाशी वाटच बघत होता. “सापडलं?”

“पाडलं, साहेब. काही शिल्लक ठेवलं नाही.”

बोलताना माझा आवाज कापला. केलीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, मी त्याच्या घरासाठी रडतोय.