फोरट्रान, फर्स्ट इयर आणि एकच मशीन

दोन रिटायर्ड मास्तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले की आधी वरण थंड होतं, मग भात. वाढपी येतो, उभा राहतो, निघून जातो, आणि यांचं आपलं चालूच. परवा वानखडे सरांच्या नातीच्या लग्नात आमचं तेच झालं. सून म्हणाली, "आई, तुम्ही एवढी वर्षं शिकवलंत काय आणि तुम्हाला आठवतंय काय!" खरंय तिचं. सिलॅबस मी अख्खा विसरले. पोरांची उत्तरं मात्र बरणीतल्या लोणच्यासारखी आत मुरत बसलीत.

त्यातली ही सगळी एकाच वर्गाची. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात इंजिनिअरिंग कॉलेज नुकतंच निघालं होतं. इमारत अर्धी, वर पत्रे, समोर कपाशीचं शेत. फर्स्ट इयरला एक नवाच विषय होता, 'कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग', फोरट्रान नावाच्या मशीनच्या भाषेतलं. कॉम्प्युटर नव्हता. ऑर्डर दिलेली होती.

मी देऊळगाव राजाची, एम.एस्सी. मॅथ्स, नोकरीला नवी. वानखडे सर मेकॅनिकलचे आणि आमचे विभागप्रमुख. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं गणित पक्कं आहे. हा विषय तुम्हीच घ्या."

मी म्हटलं, "सर, मी अजून कॉम्प्युटर पाहिलेला नाही."

"मग तर उत्तम. पोरांनीही पाहिलेला नाही. कोणी कोणाला हसणार नाही."

* * *

प्रोग्रॅम लिहायच्या आधी पोरांना पायऱ्या पाडून विचार करायची सवय लावावी लागते. मशीनला स्वतःहून काही म्हणजे काही कळत नाही असं धरायचं आणि एकेक काम सुटं करून सांगायचं. मी पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगितलं, "ज्वारीची भाकरी कशी करायची, पायऱ्या लिहून आणा."

सुनंदा नावाची मुलगी होती, माझ्याच गावची, कापडदुकानवाल्यांची. वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी एक. तिनं पान भरून आणलं. पीठ, कोमट पाणी, मळणं, थापणं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवणं, सगळं. नांदुऱ्याच्या पलीकडच्या खेड्यातला गजानन होता. शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं दांडगा, बोलायला बेधडक. त्याच्या कागदावर तीनच ओळी होत्या:

'एक, आईले हाक मारणे. दोन, वाट पाहणे. तीन, भाकर खाणे.'

वर्ग खो-खो हसला. मला वाटलं, पोरगा टिंगल करतोय. कागद घेऊन तडक वानखडे सरांकडे गेले. सरांनी तो वाचला, मग आमचं पुस्तक उघडून मागची पानं चाळली आणि म्हणाले, "मॅडम, याला पैकीच्या पैकी द्या. जे काम दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलंय ते आपण परत लिहायचं नसतं. फोरट्रानमध्ये त्याचं नाव घेऊन नुसता 'कॉल' द्यायचा. त्याला सबरूटीन म्हणतात. ते आपण दिवाळीनंतर शिकवणार होतो."

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'कॉल आई'. त्यानंतर ती पोरं सबरूटीन हा शब्द कधी बोललीच नाहीत. कोणाचा मोठा प्रोग्रॅम हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, याच्यात आई कुठी हाये?"

* * *

मग आलं लूप. म्हणजे तेच ते काम परत परत करायला लावायचं. इथे एकच पथ्य, थांबायचं कधी ते लिहायलाच हवं, नाहीतर मशीन थांबत नाही.

मी उदाहरण दिलं, विहिरीतून पाणी काढून हौद भरायचा. गजाननानं फळ्यावर येऊन लिहिलं: बादली सोड, ओढ, हौदात ओत, परत पहिल्या ओळीवर जा. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला.

"अरे, थांबायची अट कुठाय? हा तर जन्मभर पाणीच ओढत बसेल."

"काऊन बसन मॅडम? चैतातली विहीर हाये. ते स्वताच थांबते."

* * *

मशीन एकदाचं आलं. त्याच्याबरोबर एअर कंडिशनर आला, आणि खरी गंमत त्यानं केली. अख्ख्या पंचक्रोशीत थंडगार अशी ती एकच खोली. चप्पल बाहेर काढायची, पडदा सारायचा आणि आत जायचं. एप्रिल लागला तसा सगळ्या स्टाफला कॉम्प्युटरचा भारी नाद लागला. सिव्हिलचे सर, वर्कशॉपचे सर, स्पोर्ट्सचे सर, सगळे 'जरा शिकून घेतो' म्हणत यायचे आणि खुर्चीत मान टाकून घोरायचे.

त्या खोलीची किल्ली भास्कररावांकडे, आमच्या लॅब अटेंडंटकडे. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. उन्हाळ्याचं लग्न, विड्याची पानं आदल्या दिवशी आणली तर सुकून जाणार. भास्कररावांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानांची करंडी बिनबोभाट मशीनच्या टेबलाखाली सरकवली.

नेमके त्या दुपारी प्राचार्य राउंडला आले. खोलीत मी होते, भास्करराव होते आणि विड्याच्या पानांचा दरवळ होता. प्राचार्यांनी वाकून पाहिलं.

"हे काय आहे?"

भास्कररावांनी वर्षभर दारात उभं राहून माझी लेक्चरं ऐकली होती. ते शांतपणे म्हणाले, "इनपुट आहे, साहेब."

प्राचार्य मान डोलावून निघून गेले. लग्नात विडा त्यांनीच आधी उचलला.

* * *

सुनंदानं अकरावी-बारावीत टायपिंगची परीक्षा दिलेली होती. बाकी पोरं कीबोर्डवर एकेक अक्षर असं शोधायची जसं तांदळातला खडा, आणि हिची बोटं नुसती पळायची. पण गाडी अडायची ती पुढे. प्रोग्रॅम कागदावर अगदी बरोबर, टाइप केला की चुकांची रांग. परत टाइप केला, परत तेच. स्क्रीनवर मी ओळ न् ओळ तपासली, कागदाशी ताडून पाहिली. काही चुकलेलं दिसेना.

ही तशी साधी गोष्ट नव्हती. सुनंदाचे वडील तिला स्पष्ट बोलले होते, "एक वर्ष बघतो. नापास झालीस तर घरी ये, स्थळं येतायत." तिनं हे मला एकदाच सांगितलं आणि परत त्याविषयी बोलली नाही. पण मशीननं चूक दाखवली की तिचा चेहरा पडायचा, तो मला दिसायचा.

शेवटी मी स्क्रीनकडे बघायचं सोडून दिलं आणि तिच्या बोटांकडे बघत बसले. 'एक' आकडा आला की हिचं बोट वरच्या आकड्यांच्या रांगेत जाईचना. उजव्या हाताचं बोट खालीच, 'एल' या अक्षरावर.

"सुनंदा, एकच्या जागी एल का दाबतेस?"

ती गोंधळली. "मॅडम, आमच्या क्लासच्या टाइपरायटरवर एक नव्हताच. एकचं काम एलच करायचा. दिसायला सारखाच ना."

वानखडे सर मागे उभे होते. ते म्हणाले, "पोरी, ही पद्धत फक्त सरकारी ऑफिसात चालते. मशीनला ज्याचं काम त्यानंच केलेलं लागतं."

* * *

वार्षिक परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले. कडक इस्त्री, जाड चष्मा, हसण्याचं नाव नाही. सकाळी तोंडी परीक्षा होती. गजाननला त्यांनी विचारलं, "कंपायलर आणि इंटरप्रिटर यांत फरक काय?"

दोघांचंही काम आपला प्रोग्रॅम मशीनला समजावून देणं, पण पुस्तकातलं इंग्रजी गजाननच्या डोक्यातून साफ उडालं. घाम पुसत तो म्हणाला, "सर, आपल्या भाषेत सांगू?"

"सांग."

"आमच्या गावचे तलाठी आख्खा कागद घिऊन जाते, पुरा वाचते, आन् मंग समद्या चुका एका खेपेलेच सांगते. तो कंपायलर. आन् माहे काका हायेत. ते पह्यल्याच शब्दाले टोकते, पुढचं बोलूच देत नाही. तो इंटरप्रिटर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "दोघांत बरा कोण?"

"तलाठी बरे सर. ते घरात राह्यत नाहीत."

* * *

त्याच दिवशी दुपारी प्रॅक्टिकल. हा किस्सा सांगायच्या आधीच सांगते, सुनंदा पास झाली, पुढे इंजिनिअर झाली, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. आमचा मात्र होता.

एकच मशीन, त्यामुळे एकेकाला आत बोलवायचं. प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, मग टाइप करून चालवून दाखवायचा. सुनंदाला आला होता दिलेल्या आकड्यांतून सगळ्यात मोठा शोधायचा. तिनं झरझर टाइप केलं. एकच्या जागी एकच. आता चालवणार, तेवढ्यात लाईट गेली. एअर कंडिशनर घरघरून बंद पडला, स्क्रीन काळी झाली.

आम्ही थांबलो. खोली तापायला लागली, खिडक्या उघडल्या. सबस्टेशनला माणूस पाठवला, तो सांगत आला, "आज भरवसा नाही." परीक्षकांना नांदुऱ्याहून गाडी पकडायची होती. ते म्हणाले, "मॅडम, माझा नाइलाज आहे. ज्यांचं आउटपुट पाहिलं त्यांना मार्क देतो. हिचं पाहिलेलं नाही. हिला पुढच्या खेपेला बसू द्या."

पुढची खेप दिवाळीनंतर. सुनंदा कागदाची घडी करायला लागली.

दाराशी आपलं उरकून गजानन उभा होता. तो म्हणाला, "सर, लाईट गेली ना, आम्ही तं हाओत. तिचा प्रोग्रॅम आम्ही चालवून दाखवतो. आकडे तुम्हीच द्या."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एका चिठ्ठीवर आकडे लिहून ती गजाननच्या हातात दिली. "चालवा."

सुनंदानं कागद उलगडला. सगळ्यात मोठा आकडा ज्या जागी ठेवायचा, त्या जागेला तिनं 'बिग' असं नाव दिलं होतं. बिग व्हायला सलीमला पुढे ढकललं. सलीम बीबी गावचा, बांगडीवाल्यांचा, वर्गातला सगळ्यात बारका. तो खिडकीशी जाऊन ताठ उभा राहिला.

सुनंदा तिचीच एकेक ओळ वाचायला लागली. आवाज आधी कापत होता. "पहिला आकडा बिगमध्ये ठेवा." गजानन सलीमच्या कानाशी जाऊन सांगून आला. "पुढचा वाचा. बिगपेक्षा मोठा आहे?" "नाही." "आकडे संपले?" "नाही." "परत वर जा. पुढचा वाचा. मोठा आहे?" "हाव." "बिगमध्ये ठेवा." गजानन परत सलीमकडे. हळूहळू तिचा आवाज सरळ झाला.

परीक्षक उठून सलीमपाशी गेले. "नाव काय तुझं?"

"सध्या बिग, सर."

"आता काय आहे तुझ्यात?"

"बावन्न."

"आणि याच्या आधी काय होतं?"

"माहीत नाही सर. नवीन आलं की जुनं जातं."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चालू द्या," म्हणाले.

आकडे संपले. सुनंदानं शेवटची ओळ वाचायला तोंड उघडलं, "बिग छापा," आणि तेवढ्यात लाईट आली. एअर कंडिशनर दणकन सुरू झाला, दाराबाहेरची पोरं ओरडली, आम्ही सगळे मशीनकडे धावलो. स्क्रीन उजळली. कोरी होती. सुनंदानं टाइप केलेलं एक अक्षर तिच्यावर नव्हतं.

परीक्षक वाकून बघत राहिले. "म्हणजे यात आता काहीच शिल्लक नाही?"

"नाही सर," मी म्हटलं.

खिडकीशी सलीम तसाच ताठ उभा होता.

"माझ्याजवळ हाये सर," तो म्हणाला. "शहाण्णव."