आठव्या दिवसाची पोटदुखी

मुर्री गावात आमची कॅथलिक घरं मोजकीच. फ्रान्समधल्या मठात चोविसाव्या वर्षी क्षयानं गेलेल्या एका संत सिस्टरचा सण जवळ आला, की आधीच्या नऊ संध्याकाळी आम्ही एकेका घरी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जमतो. एक दिवस चुकला तरी नवस मोडला, असं जुनी माणसं मानतात. यंदा पहिल्या दिवशी बोलायला कोणी उठेना, म्हणून मी उठलो. खरं तर घरून पाठच करून गेलो होतो.

संतीणबाईंची शिकवण सांगितली: मोठे चमत्कार नकोत, नावडतं छोटं काम हसतमुखानं करा, हीच देवाकडची छोटी वाट. मठात एक लंगडी, चिडकी म्हातारी सिस्टर होती. ही तरुण सिस्टर रोज संध्याकाळी तिला कमरपट्ट्याला धरून जेवणघरात नेई, बोलणी खाई, वर पाव कापून देई. आणि हसे अशी, की तिला हे किती जड जातं ते म्हातारीला कधी कळलंच नाही.

लोक हेलावले. मीही थोडा हेलावलो. तेवढ्यात गुडघ्यांनी हैराण झालेली शेजारची मावशी म्हणाली, "मंग उद्यापासून मले तूच ने गा."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? तिची लेक नागपूरला ऑपरेशनसाठी भरती होती, मावशीचा नवस तिच्यासाठीच होता.

वाटेत ती म्हणे, "हळू चाल. गाडी सुटून राहिली का तुही?" दोन पावलांनी, "आता काऊन थांबला?" सहा संध्याकाळी मी गालफडं दुखेस्तोवर हसलो.

आठव्या दिवशी बायको पुढे गेली होती. अंगणात मावशीची काठी वाजली आणि मी संडासात शिरून कडी लावली.

"मावशी, पोट दुखते. दुसऱ्या कोणासंग जा."

"सारे गेले." मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. "अठीच करू. मी म्हणतो, तू जवाब दे."

आमची भांडणं झाडीबोलीत, प्रार्थना हिंदीत. रोजरीत, म्हणजे जपमाळेत, अर्धं एकानं म्हणायचं, अर्धं दुसऱ्यानं, पन्नासावर वेळा. दिव्याचं बटण बाहेर, डास आत. बाहेर यावं तर खोटं उघडं पडणार. उपड्या बादलीवर बसून मी जवाब देत राहिलो.

चौथ्या दशकात, म्हणजे माळेतल्या चौथ्या दहा मण्यांवर, तिचा आवाज थांबला. लेकीचं नाव घेऊन ती मुसमुसत होती. मग तिचं अर्धंही मीच म्हटलं. माळ संपल्यावर बाहेर आलो.

"आजचा दिस धरला जाईन ना गा?"

"जाईल, मावशी."

उठताना तिनं माझा दंड धरला. "तुह्या गोष्टीतल्या त्या म्हातारीले कळत नोहोतं म्हणतं. काऊन नाही कळणार? पाय लंगडा होता, डोस्कं नाही. गरज होती, म्हणून चूप राहिली असंन."

नवव्या दिवशी काठी वाजण्याआधीच मी तिच्या दारात उभा होतो. हसलो नाही. वाटेत तिनंही 'हळू चाल' म्हटलं नाही.