न शिवलेल्या लुगड्याची भूमिती

टाचणी नाही, बटण नाही, नाडी नाही, शिवणही नाही. तरी सत्तावीस फूट लांबीचे सपाट कापड दिवसभर वाकणाऱ्या, बसणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या बाईच्या अंगावरून सुटत कसे नाही? हा प्रश्न मला पडला तेव्हा मी साताऱ्यातील मुलींच्या एका शाळेत भूमिती शिकवत होते आणि चाळिशी ओलांडली होती. माझी आई जन्मभर नऊवारी नेसली. तिच्या जवळ राहूनही हे विचारण्याचे मला कधी सुचले नव्हते.

नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षे. आमच्या शाळेचे लेझीम पथक सांगलीच्या स्पर्धेसाठी निवडले गेले आणि मुलींनी नऊवारी नेसून खेळावे असे ठरले. ठरवणे सोपे होते. पहिल्याच तालमीत लक्षात आले की ती नेसता कोणालाच येत नाही. मुली घरी पंजाबी ड्रेस घालत, त्यांच्या आया पाचवारी नेसत, आणि मीही पाचवारीच. आम्ही चार शिक्षिकांनी मिळून टाचण्यांच्या आधारे कशीबशी लुगडी गुंडाळली. लेझमीत एक बैठक असते. ठेक्यासरशी उकिडवे बसायचे आणि लेझीम डोक्यावर न्यायची. त्या बैठकीत, अगदी पुढे उभ्या असलेल्या मुलीचा कासोटा सुटला. निऱ्यांचा मधला भाग दोन पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचतात, त्याला कासोटा म्हणतात. आत सलवार होती म्हणून निभावले; पण मुली हसल्या आणि ती रडत घरी गेली.

ती नववीत होती. तिचे वडील मूळचे माण भागातले, मेंढरे राखणाऱ्या घराण्यातले. फौजेतून निवृत्त होऊन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहारेकरी झाले होते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले.

"बाई, पोरगी खेळती त्याला माजी ना न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "पर सांगलीत चार लोकांत असं झालं, तर ही नववी शेवटची. घरी बसवीन."

वर्गात ती प्रमेय सिद्ध करताना एकही पायरी गाळत नसे. तिचे पुढचे शिक्षण आता एका खोचलेल्या टोकावर अवलंबून होते. तिला पथकातून काढणे हा एक उपाय होता; ती मात्र म्हणाली, "बाई, मला काढू नका. मग सगळ्या म्हणतील, हिचंच सुटलं."

मी जवळच्या एका शिंप्याकडे गेले; त्यांना सगळे मास्तर म्हणत. तेही निवृत्त फौजी. त्यांनी लष्करात उभी हयात गणवेश शिवले होते. अडचण ऐकताच ते हसले. "त्यात काय, बाई? कासोटा शिवूनच टाकतो. डबल शिलाई. उसवली तर मिशी काढीन."

दोन दिवसांत नमुना तयार झाला. घोडेस्वारांच्या ब्रीचेस नावाच्या विजारीवरून त्यांनी पायांचा बेत घेतला होता. निऱ्या पक्क्या शिवल्या होत्या आणि कासोटा मागे कमरपट्टीला जोडला होता. प्रार्थनेच्या दालनात मास्तरांनी मिशीची पैज पुन्हा सगळ्यांना ऐकवली आणि मुलीने तो सलवारीवर चढवला. उभी असताना ती इतकी देखणी दिसत होती की मी मनातल्या मनात अडचण सुटल्याची नोंद करून टाकली. मग ती बैठकीला बसली आणि कापड टरकन फाटले.

पाण्याची कळशी घेऊन आलेल्या आमच्या शिपाई मावशी दारातच थांबल्या. साठीजवळ आलेल्या या मावशी रोज नऊवारीतच शाळा झाडत; त्यांना विचारावे हे आम्हा कोणालाच सुचले नव्हते.

"मास्तर, मिशी कवा काढताय?"

"आवं मावशी, शिलाई बघा की! एक टाका हालला न्हाई. कापड फाटलंय."

"व्हय की. शिलाई ऱ्हायली आन लुगडं गेलं. लय भारी."

मुलगी हसली. तालमीनंतर प्रथमच. मावशींनी कळशी खाली ठेवली, कमरेचा पदर घट्ट केला आणि आमच्यासमोर उकिडव्या बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "बाई, बसताना मागं कापड लागतंय. त्ये येणार कुठनं? म्होरच्या निऱ्यांतनं येतंय. तुमी निऱ्याच शिवून टाकल्या."

मी फळ्याजवळचा खडू आणि मास्तरांची मोजपट्टी घेतली. मावशींच्या परवानगीने त्यांच्या लुगड्यावर खुणा केल्या: एक कमरेच्या मागे, एक गुडघ्यामागे. उभ्या असतानाचे अंतर मोजले, मग बसल्यावरचे. बसल्यावर ते जवळजवळ एक वीत वाढत होते. पुढे पाहिले, तर निऱ्या तेवढ्याच उलगडल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि निऱ्या आपल्या घडीवर परत आल्या. नंतर मी लुगडे कमरेला बांधण्याची गाठ तपासली. ती पोटावर असते. बसल्यावर पोट पुढे येते आणि गाठ आणखी आवळते. ज्या हालचालीने वस्त्र सुटावे असे आम्ही धरून चाललो होतो, त्याच हालचालीने ते अधिक घट्ट होत होते. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. हे माप कोणी काढले असेल? कागदावर ते कुठेही नव्हते. शेतात तण भांगलणाऱ्या, नदीवर धुणे बडवणाऱ्या बायकांनी ते एकमेकींच्या हातांतून माझ्या आईपर्यंत आणले होते, आणि माझ्यापाशी येऊन ते थांबले होते.

मास्तर फाटलेला नमुना मांडीवर घेऊन बसले होते. फाटलेल्या जागेवर बोट फिरवत म्हणाले, "ब्रीचेसला मांडीवर फुगा ठेवायचो. घोड्यावर बसताना तिथं कापड लागतंय. उस्तादानं सांगितलं म्हणून ठेवत गेलो. का ठेवायचा, ते आज कळलं. आन ह्यात नेमका तेवढाच काढून टाकला, दिसायला बरं म्हणून."

शिवायचे नाही असे ठरले. पुढचे पंधरा दिवस मावशींनी चोवीस मुलींना आणि एका भूमितीच्या शिक्षिकेला नेसायला शिकवले. "गाठ मारताना श्वास सोडायचा न्हाई," "निऱ्या मोजू नगं, हाताला कळत्यात," अशी त्यांची सूत्रे मी वहीत उतरवून घेतली.

सांगलीला मैदानाच्या कडेला दोरी बांधली होती आणि दोरीमागे त्या मुलीचे वडील हाताची घडी घालून उभे होते. लेझीम सुरू झाली. पहिली बैठक आली तेव्हा माझे लक्ष तिच्या निऱ्यांवर होते. त्या उलगडल्या, मिटल्या. दुसऱ्या बैठकीला पुन्हा उलगडल्या, पुन्हा मिटल्या. चोवीस मुलींच्या निऱ्या एका ठेक्यावर उघडत आणि मिटत होत्या. मी बैठका मोजायला घेतल्या होत्या, पण मोजणे कधी राहून गेले ते कळले नाही. शेवटच्या ठेक्याला मुलगी उभी राहिली आणि तिने मागे हात लावूनही पाहिला नाही.

खेळ संपल्यावर तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, दहावीला पुस्तकं कंची लागत्यात, तेवढं लिहून द्या."

काही वर्षांनी मास्तर तयार नऊवारी शिवू लागले. निऱ्या फक्त वरच्या पट्टीत जोडलेल्या, खाली मोकळ्या, आणि मांडीवर वीतभर जादा कापड. आता अशी तयार नऊवारी शहरांतल्या दुकानांत सर्रास मिळते आणि मुली ती घालून सणाच्या मिरवणुकीत मोटारसायकलही चालवतात. काहींत ती वीत ठेवलेली असते, काहींत नसते. दुकानात अशी नऊवारी दिसली तर निऱ्या उलगडून पाहा. घरात एखादे जुने लुगडे असेल तर ज्यांना येते त्यांच्याकडून नेसून घ्या, मोजपट्टी जवळ ठेवा, एकदा उभे आणि एकदा उकिडवे बसून मोजा. माझे माप चुकले असण्याची शक्यता आहे. कृपया स्वतः तपासून पाहा.