मामाला आडवंच न्यायचं

मामा गेला तो सकाळी, चहा पुढ्यात असताना. आमची आई त्याची थोरली बहीण, त्याच्याजवळच राहायची. चहावर साय धरली तरी हा कप उचलेना, म्हणून तिनं खांद्याला हात लावला. तेव्हा कळलं.

दुपारपर्यंत घर भरलं. मामाचे विद्यार्थी आले, कचेरीतली मोठी माणसं आली. शहर कसं वसवावं, याच्या अभ्यासात मामाचा जन्म गेला. लग्न केलं नाही, जिन्यांशीच संसार मांडला म्हणायचे लोक. आई चौथी शिकलेली. पण त्या अभ्यासाचं मूळ तिला ठाऊक होतं. त्यांचे वडील गेले तेव्हा जिना इतका अरुंद, की वळणावर स्ट्रेचर फिरेना. मग वडलांना खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं आणि पोत्यासारखं खाली आणलं. मान इकडून तिकडं पडत होती. मामा तेव्हा कॉलेजात होता. त्या दिवशी तो रडला नाही, पण तेव्हापासून जिने मापायला लागला.

माणसाच्या लांबीची एक फळी केली होती त्यानं. सुट्टीच्या दिवशी एक टोक स्वतः धरायचा, दुसरं आईच्या हातात, आणि दोघं लोकांच्या इमारतींतून ती चढवत-उतरवत फिरायची. लोकांना वाटायचं सुतार आलेत. कपाट कुणाकडं द्यायचंय, असं एका बाईनं विचारलं, तर हा म्हणाला, कपाट नाही हो, मेलेला माणूस कसा जाईल ते बघतोय. बाईनं धाडकन दार लावलं. फळी वळणावर न अडकता फिरली की मामा वरून ओरडायचा, "वळला गं, ताई!" पुढं नव्या इमारतींच्या जिन्यांचा नियम बदलला तो या फळीच्या जोरावर.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. मामा स्वतः राहायचा जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथला जिना काही रुंद होणार नव्हता, म्हणून त्यानं प्रत्येक वळणावरचा लोखंडी कठडा बोल्टांवर बसवून घेतला, वेळेला काढता यावा असा. त्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टातल्या काकांशी मोठं वाजलं. उद्या कुणी टेकलं आणि खाली पडलं तर, असं काकांचं म्हणणं. शिकून शिकून डोकं फिरलंय, असंही म्हणाले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

शववाहिकेची माणसं जिना बघून वर आली आणि खुर्ची मागितली. आई भिंतीला टेकून बसली होती, ती उठली.

"खुर्चीत नाही," म्हणाली. "माझा भाऊ आडवाच जाईल."

कठडा निघतो, हेही तिनं सांगितलं. विद्यार्थी धावले. पण बोल्ट हातानं हलेनात, आणि पाना कुठं ठेवलाय ते मामालाच ठाऊक. सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी माणसं म्हणाली, आजी, किती थांबायचं? कुणीतरी हळूच खुर्ची पुढं सरकवली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात म्हणत आई एक मजला उतरली आणि काकांचं दार वाजवलं. दार लगेच उघडलं. काका धुतलेला शर्ट घालून उभे, हातात पाना. तो मामाचाच होता.

ते तसेच वळणापाशी गेले, धापा टाकत वाकले. पाना लावला, तर बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरला. आई बघतच राहिली. तेव्हा काकांनी मान खाली घालूनच सांगितलं. मागं आई गावाला गेली असताना त्यांच्या बायकोची कंबर मोडली, तेव्हा मामानंच कठडा काढून तिला स्ट्रेचरवरून आडवं खाली नेलं होतं. बोलला मात्र नाही. पाना काकांच्या दाराशी ठेवून वर निघून गेला.

"तेव्हापासून तेल मी घालतो, ताई," काका म्हणाले. "त्याला सांगू नका."

बोलून गेले आणि पाना हातात धरून तिथंच पायरीवर बसले.

विद्यार्थ्यांनी पाना घेऊन सगळ्या वळणांवरचे कठडे काढले, मग मामाला उचललं. नको नको म्हणत असताना आईनं पायाकडचं एक टोक धरलंच. कठड्याच्या मोकळ्या जागेवरून स्ट्रेचर बाहेर गेलं, फिरलं. भिंतीला कुठं लागलं नाही. मामाची मान हलली नाही.

"वळला रे, धाकट्या," आई म्हणाली.

स्ट्रेचर खाली पोचलं. वर काका एकेक कठडा परत बसवत होते, कुणी पडू नये म्हणून.