टेस्टरकाकांचा उडणारा बल्ब

टेस्टरकाका जेवायला बसले तरी एक गुडघा उभा ठेवून बसायचे, उठायला सोपं पडावं म्हणून. दोन पोळ्या संपेपर्यंत तीनदा उठायचे. एकदा पंखा का कुरकुरतोय ते बघायला, एकदा फाटकाची कडी लावायला आणि एकदा उगाचच. काकू वैतागून म्हणायच्या, "यांच्या ताटाला चाकं लावा कुणीतरी!" खिशात कायम टेस्टर, म्हणून आमच्या सातपूरच्या कॉलनीत ते टेस्टरकाका. कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले होते, पण ती निवृत्ती त्यांच्या काही अंगी लागली नव्हती.

असला हा माणूस रोज सकाळी साडेसहाला हॅम रेडिओसमोर बसायचा. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून घरबसल्या बिनतारी बोलायचा छंद. पलीकडे पेठच्या बाजूच्या एका गावातले शाळामास्तर, काकांचे जुने दोस्त. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. काका बोलायचे आणि गुरुजी ऐकायचे, अशी सरळ वाटणी होती. "तो दिवसभर वर्गात बोलून दमतो गं, म्हणून मी बोलतो," काका मला सांगायचे. साफ खोटं! ऐकायला त्यांना धीरच नव्हता.

मग, नव्वदच्या दशकातली गोष्ट, गुरुजींच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आवाज नसलेल्या माणसाला फोन काय कामाचा? उरलं मोर्स, म्हणजे चावी दाबून टिकटिक करत एकेक अक्षर पाठवायचं. त्यासाठी गुरुजींनी घरीच नवा सेट बनवला, पण तो जेमतेम ताकदीचा. इकडे आमच्या चारी बाजूंना वेल्डिंगची दुकानं आणि ट्यूबलाइटचे चोक. काकांच्या सेटमधून नुसती खरखर यायची. "गुरुजी, आहात ना?" असं विचारून काका थांबायचे, मग खुर्ची मागे ढकलून खोलीभर फेऱ्या मारायचे. शेवटी गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. "तुमचा शब्दन् शब्द ऐकू येतो. मी रोज उत्तर देतो." ते वाचून काकांची झोपच उडाली. "तो बोलतोय आणि मी बहिरा! काय अर्थ आहे याला?"

दोन दिवसांनी काका माझ्या दारात हजर. मी तेव्हा एका कारखान्यात सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करायचे, दुसऱ्या पाळीला. "सुनंदा, तुझा हात हवाय. माझा हात घाई करतो." सेट जुना, त्याला बोलायला आणि ऐकायला मिळून एकच अँटेना. काकांचा बेत असा, की बोलायची तार गच्चीवर आहे तशी राहील आणि ऐकायची तार वेगळी, घरांपासून लांब, जिथे खरखर कमी तिथे टाकायची. त्यासाठी सेटच्या पोटातली एक वायर कापून नवं सॉकेट बसवायचं होतं. एरवी त्या सेटवरची धूळसुद्धा ते दुसऱ्या कुणाला पुसू देत नसत. मी कटर लावला तेव्हा ते खोलीबाहेर निघून गेले. पाच मिनिटांत चार वेळा आत डोकावले, ते सोडा.

धोका एकच होता. गच्चीवरच्या तारेतून बोलताना ती ताकद ऐकायच्या तारेत शिरली, तर सेटचा ऐकायचा भाग जळायचा, आणि त्याचे पार्ट आता मिळत नव्हते. म्हणून एक खटका बसवला. बोलण्याआधी तो पाडायचा, की ऐकायची तार सुटली. पण काका म्हणाले, "मी चुकणार, हे धरूनच चालायचं." म्हणून त्या तारेच्या वाटेत आणखी दोन डायोड आणि एक इवलासा बल्ब लावला. खटका विसरलाच, तर बल्ब उडेल, सेट वाचेल.

तार टाकली मागच्या आप्पांच्या गुलाबाच्या मळ्यात, कुंपणाच्या खांबांवरून. आप्पांनी दोनदा विचारून घेतलं, "शॉक नाय ना लागणार? माझ्या बाया फुलं तोडाया येत्यात." काकांनी स्वतः तार मुठीत धरून दाखवली. तेव्हा कुठे आप्पा म्हणाले, "मंग लावा. लय दिस झाले तुमची घालमेल बघतोय."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला खरखर कुठल्या कुठे बसली, आणि तिच्यामागून बारीक टिकटिक यायला लागली. काका श्वास रोखून एकेक अक्षर कागदावर उतरवत होते. वाक्य पुरं झालं: "आता मध्ये बोलू नका." काका इतके हरखले, की त्यांनी लगेच उत्तर द्यायला माइकचं बटण दाबलं. खटका राहिला तसाच!

"अरेच्चा, गेला!"

"उडाला का?" स्वयंपाकघरातून काकू.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. गुरुजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत काकांचं बोट बटणावर, मग "अरेच्चा, गेला!" आणि आतून "उडाला का?" दर आठवड्याला मी नवा बल्ब लावून द्यायचे आणि काकांना चिडवायचे. "गुरुजींच्या वर्गात असतात, तर रोज बाकावर उभे राहिला असतात." सेट मात्र प्रत्येक वेळी वाचला.

काही वर्षांनी गुरुजी गेले. काका तरीही साडेसहाला बसत राहिले. दिवाळीच्या साफसफाईत माझ्या लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत मी बल्ब बदललाच नव्हता. "काका, सुधारलात की! बल्ब टिकला," मी बोलून गेले. मेलं माझं तोंड! काका दोन्ही पाय जमिनीला टेकवून, मुळीच न हलता बसले होते. म्हणाले, "मध्ये बोलू नका म्हणालाय ना तो. ऐकतोय."

त्यांनी माझ्यामागे लागून लागून मला परीक्षेला बसवलं. परवाना हातात आला, तेव्हा तो बघायला काका नव्हते. सेट हलवायला काकूंनी साफ नकार दिला. "हवं तर तू इथे येऊन बोल." मी पुष्कळ दिवस नुसती त्या सेटसमोरून जात-येत राहिले. मग एका सकाळी बसले. कुणीतरी अनोळखी माणूस लांबून हाक घालत होता, उत्तर मिळत नव्हतं, पुन्हा हाक घालत होता. मला राहवलं नाही. मी घाईघाईने बटण दाबलं.

"अगं बाई, गेला!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"उडाला का?" काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. काळा पडलेला बल्ब वाकून बघितला, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. किती वर्षं टिकला होता मेला!"