बिनाकूपनच्या गोगलगायी

त्यांची नजर आधी तुमच्या ताटावर जायची आणि मग तोंडावर. ताटात जागा दिसली की डाव तिथे रिकामा झालाच म्हणून समजा. "घे ना, लाजून कावून राहिला?" नको म्हणणाऱ्याचं ऐकायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. भिलाईच्या पोलाद कारखान्यातलं एक कॅन्टीन ते चालवायचे आणि मी शेजारच्या विभागात कारकून. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या काळात कारखान्याचं उत्पादन किती वाढलं ते मला ठाऊक नाही. आमच्या शर्टांची पोटावरची बटणं मात्र टिकत नव्हती.

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये टीव्हीशेजारी काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यात एकच मासा. काळा, अंगावर नारिंगी डाग, तळहाताएवढा. ऑस्कर जातीचा, म्हणजे सिक्लिड कुळातला, आणि या कुळात अडेलपणा वाडवडिलांपासून चालत आलेला. हा मासा माणूस ओळखायचा. दादा दिसले की काचेला नाक लावून तोंड उघडायचा. दादाही विरघळायचे. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, कारखान्याच्या तिन्ही पाळ्यांना त्याला जेवण मिळायचं.

"तीनही शिफ्टमध्ये तो एकटाच ड्यूटीवर आहे," दादा म्हणायचे. कसली ड्यूटी, हे विचारायची सोय नव्हती.

एकदा वैशाली नगरातल्या शोभेच्या माशांच्या दुकानातून त्यांनी टाकीत लावायला हिरव्या रोपांची जुडी आणली. माशाने ती संध्याकाळपर्यंत उपटून टाकली. जुडीबरोबर आलेल्या गोगलगायी मात्र राहिल्या. आधी चार दिसल्या. महिनाभरात काचेवर इतक्या झाल्या की पलीकडचा मासा बघायला जागा शोधावी लागे.

"बिनाकूपनचे घुसले," दादा म्हणाले. कॅन्टीनवाल्याच्या तोंडी याहून मोठी शिवी नाही.

वहिनींनी कारण पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्याचं उरलेलं खाऊन वाढून राहिल्या त्या. तुमी खाणं कमी टाका." आता तुम्हीच सांगा, घरातल्या बाईने एका वाक्यात दिलेलं उत्तर कोण मानतो? आम्ही समिती नेमली. प्रयोगशाळेतल्या एकाने पाणी तीनदा तपासलं. देखभाल विभागातल्या एकाने हवेचा पंप डावीकडून उजवीकडे लावला. मी इतिवृत्त लिहिलं. तीन रविवार पोहे खाऊन आम्ही निष्कर्ष काढला की परिस्थितीवर लक्ष ठेवावं. प्रत्येक बैठकीत दादा आम्हाला दुसऱ्यांदा पोहे वाढायचे आणि जाता जाता टाकीतही माशाच्या खाण्याचे चिमूटभर दाणे सोडायचे. ते इतिवृत्तात आलं नाही.

मग कोणीतरी काकडीची युक्ती सांगितली. दोऱ्याला बांधून काकडीची फोड पाण्यात सोडायची, तिच्यावर गोगलगायी जमल्या की फोड उचलायची. युक्ती चांगली होती. सकाळी फोड भरून गेलेली दिसली. दुपारी मी गेलो तर पाण्यात दोन फोडी.

"दुसरी कावून टाकली, दादा?"

"अरे, एका फोडीवर किती जण! मागचे ताटकळून राहिले होते बिचारे."

त्यानंतर त्यांनी गोगलगायी खाणारा एक छोटा पट्टेरी मासा आणला. ऑस्करने तो गिळला. बिचाऱ्याची एक शिफ्टही भरली नाही.

आम्ही हसत होतो, आणि एक दिवस दादा कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलाशेजारून गेले ते कोणाच्याच ताटाकडे न बघता. मी मागोमाग त्यांच्या क्वार्टरवर गेलो. मासा दोन दिवस कलून पडला होता, पोट फुगलेलं. काचेशी येत नव्हता, तोंड उघडत नव्हता. स्कूटरवर त्यांना मागे बसवून मी वैशाली नगर गाठलं. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत सुनावलं, "अंकल, बीमारी नहीं है इसको। खिला-खिला के मार डालोगे। आठ दिन एक दाना मत दो।"

परतताना मागून आवाज आला, "लोकायले जेवू घालण्यात माही सारी नोकरी गेली. आन् याले मीच मारून राहिलो होतो?" तो मासा जगला नाही तर हा माणूस पुन्हा कोणाला आग्रह करणार नाही, एवढं कळत होतं आणि त्याची मला खरोखर भीती वाटली.

वहिनींनी दाण्यांचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. चौथ्या दिवशी मासा सरळ झाला आणि काचेशी येऊन त्याने दादांकडे बघून तोंड उघडलं. दादांनी अंगातला खाकी शर्ट काढून टाकीवर पांघरला आणि बनियनवर मागच्या अंगणात जाऊन बसले. सातव्या दिवशी वहिनींनी शर्टाची बाही उचलून पाहिलं. मासा काचेवरच्या गोगलगायी एकेक करून टिपत होता. समितीला जे तीन रविवारांत जमलं नाही ते त्याच्या भुकेने उरकलं. वहिनींचं नाव आम्ही तेव्हाही इतिवृत्तात घातलं नाही.

दादा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं. गोंदियाकडच्या त्यांच्या गावी विजेचा भरवसा नाही, पंप बंद पडला तर मासा जाईल, म्हणून त्यांनी टाकी माझ्या घरी आणून ठेवली. "एक दिवस आड, चिमूटभर," एवढंच सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ते एकदा आले. पॉवर हाउस नावाच्या रेल्वे स्टेशनवरून चालत, हातात तांदळाची पिशवी. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. मी म्हटलं, "आत चला ना दादा, मस्त आहे तो."

"आज त्याचा खाण्याचा दिवस आहे का?"

"नाही, उद्या."

"मंग नको. मले पाह्यलं तं तोंड उघडन तो."

"उघडू द्या. उद्याचं आज टाकू."

"माह्या हाताचा भरोसा नाही बाबू," ते म्हणाले. "चिमटीवर थांबत नाही तो."

उघड्या दारातून पंपाची बुडबुड ऐकू येत होती. त्यांनी खुर्ची उचलून दाराकडे पाठ केली. तो किती वाढला, रंग कसा आहे, हे सगळं रस्त्याकडे बघत विचारून घेतलं, दोन कप चहा प्यायले आणि दुपारच्या गाडीने गावी परत गेले.